एक स्वच्छ शिक्का

दहा वर्षांची असताना मी आजोबांच्या ट्रंकेतली पत्रं कात्रीनं कापली. एक-दोन नव्हे, ट्रंकभर. तिकिटांसाठी. त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. तिकिटं जमवायचं वेड अजून सुटलेलं नाही आणि ती कात्रीही डोक्यातून गेलेली नाही.

१९७१ सालचं परभणी. आजोबांना आम्ही नाना म्हणायचो. ते कोर्टात वकिली करायचे. निजामाच्या काळापासूनची वकिली, त्यामुळे मोडी, उर्दू आणि इंग्रजी तिन्ही त्यांच्या हातात. माडीवर त्यांची पत्र्याची ट्रंक होती, तिला कुलूप नव्हतं. दादाच्या वर्गातल्या एका मुलाकडे तिकिटांचा अल्बम होता. त्यात हंगेरीची तिकोनी तिकिटं होती आणि तो ती लांबूनच दाखवायचा, हात लावू द्यायचा नाही. मला त्याच्यापेक्षा जास्त तिकिटं हवी होती, एवढंच कारण. आई दुपारी झोपली की तिची शिवणाची कात्री घ्यायची आणि माडीवर जायचं. चार दुपारी लागल्या.

ट्रंकेत हैदराबाद संस्थानची तिकिटं होती. निजामाचं पोस्ट वेगळं होतं. १८६९ पासून त्यांची स्वतःची तिकिटं निघायची आणि ती १९५० पर्यंत चालली. म्हणजे आमच्या परभणी, नांदेड, औरंगाबादकडे 'भारताचं' तिकीट तसं उशिराच आलं. एक आण्याचं तपकिरी चारमिनार तर ढिगानं होतं. हायकोर्टाचं दोन आण्याचं होतं, अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार असलेलं आठ आण्याचं एकच होतं. किंमत चार लिप्यांत, त्यातली एक आपली, म्हणून मला ती ओळखीची वाटायची. अगदी कडेकडेनं, नीट चौकोनी कापली मी. काहींचे दाते कात्रीत गेले, त्याचं तेव्हा काहीच वाटलं नाही. एकशे बारा तिकिटं निघाली. पाकिटं उरली ती बाईनं बंबात घातली. तिला मीच नेऊन दिली होती.

आणखी एक उद्योग केला. काही तिकिटांवर चित्राच्या वरून काळ्या शाईत उर्दू अक्षरं छापलेली होती. मला वाटलं, छापताना बिघडलेली तिकिटं. अशी वीसेक तरी मी निवडून फेकून दिली. पुढं बँकेत लागल्यावर आमच्या शाखेत नांदेडचे एक हेडकॅशियर होते, उर्दू शाळेत शिकलेले. शिल्लक राहिलेलं तसलं एक तिकीट त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "सरकारी लिहिलंय, मॅडम." कोर्टकचेरीच्या टपालासाठी निजाम सरकार नेहमीच्याच तिकिटांवर 'सरकारी' असं छापून घ्यायचं. वकिलाच्या घरी ती यायचीच. मी नेमकी तीच फेकली होती.

नानांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. माझी पेढ्याची पेटी उघडून बघितली. तिकिटांच्या पाठीला पाकिटाचे तुकडे तसेच चिकटलेले होते. ते म्हणाले, "कापलीस ते कापलीस. आता भिजव तरी नीट." आणि भिजवायचं कसं ते त्यांनी दाखवलं. नानांना हे कुठून ठाऊक, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला. वापरलेलं तिकीट सोडवून दुसऱ्या पत्राला लावणं हा गुन्हा आहे. वकिलाला गुन्हा माहीत असतो तशी गुन्ह्याची रीतही माहीत असणार.

ती रीत मी अजून तशीच पाळते. पसरट भांडं घ्यायचं, मी चिनीमातीची बशी घेते. पाणी साधं, थंडीत जरा कोमट. गरम नाही, गरम पाण्यानं रंग उतरतो. तिकिटं एकावर एक येणार नाहीत अशी सोडायची आणि वीस मिनिटं बशीकडे बघायचं नाही. हा 'बघायचं नाही' भाग सगळ्यात अवघड. डिंक सुटला की तिकीट आपोआप कागदावरून सरकतं. बोटानं नुसतं ढकललं तरी वाहत जातं, जसं दुधावरची साय बोटाला येते तसं. सरकत नसेल तर आणखी पाच मिनिटं. ओढायचं नाही. ओढलं की पाठीचा पापुद्रा निघतो आणि तिकीट पातळ होतं. समोरून काहीच दिसत नाही, उजेडासमोर धरलं की तिथं खिडकी पडलेली दिसते. मग पाठ बोटानं हलकेच चोळायची, बुळबुळीतपणा गेला की पाणी बदलून एकदा खळबळायचं. टिपकागदावर उपडी ठेवायची. वर्तमानपत्रावर ठेवू नये, शाई लागते. थोडी ओलसर असतानाच जाड पुस्तकात घालायची, नाहीतर वाळताना पापडासारखी वळतात. माझ्याकडे त्यासाठी पुण्याची एक जुनी टेलिफोन डिरेक्टरी आहे. तिचा आता दुसरा काहीच उपयोग नाही.

लाल, जांभळी किंवा गडद हिरवी पाकिटं कधीही इतरांबरोबर भिजवू नयेत. दिवाळीच्या शुभेच्छांची लाल पाकिटं एकदा मी सगळ्यांबरोबर बशीत टाकली होती. वीस मिनिटांनी बशीत रूह अफजा. त्यात जॉर्ज पंचमसुद्धा गुलाबी झाला होता. अलीकडं परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून येणारी स्टिकरसारखी तिकिटं पाण्याला दादच देत नाहीत. तासभर ठेवलं तरी ढिम्म. ती मी आता कागदासकट कापून ठेवते, चारी बाजूंनी बोटभर कागद सोडून. एवढं तरी शहाणपण आलं.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात घरी येणाऱ्या पाकिटांवर एक जादा तिकीट दिसायला लागलं. बांगलादेशातून, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून, निर्वासित आले होते. त्यांच्या मदतीसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं होतं. नवीन तिकीट तयार नव्हतं, म्हणून कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या लाल तिकिटावरच 'रेफ्युजी रिलीफ' असं छापून विकायला काढलं. डिसेंबरात खास तिकीट आलं, निर्वासितांच्या चित्राचं. पण त्याआधी, पहिल्या काही दिवसांत, छापील तिकिटं पुरेनात, तेव्हा जयपूर, बंगलोर अशा ठिकाणी तिथल्या तिथं हे शब्द उमटवून काढले गेले, म्हणून त्यांचे कितीतरी प्रकार सापडतात. मला तेव्हा ती कंटाळवाणी वाटायची. एकाच चेहऱ्याची, रोज येणारी. आठ-दहा ठेवली आणि बाकीची दादाच्या मित्रांना दिली. आज एखाद्या जुन्या पाकिटावर ते जादा तिकीट दिसलं की मी आधी त्याच्यावरच्या छापाची अक्षरं बघते.

शाळेच्या दिवसांत मात्र देश मोजण्याचीच धुंदी होती. स्टेशनरीच्या दुकानात सेलोफेनच्या पुडीत शंभर तिकिटं मिळायची. हंगेरी, पोलंड, मंगोलिया, अजमान. सुंदर तिकिटं! फुलपाखरं, अंतराळवीर, घोडे. सगळ्यांच्या एकाच कोपऱ्यात शिक्क्याची एक सुबक कमान आणि पाठीवर डिंक जसाच्या तसा. पत्रावर कधी लागलेलीच नव्हती ती. छापखान्यातून निघाल्यावर गठ्ठ्यानं शिक्का मारून संग्राहकांना विकायची. हे कळलं तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटलं होतं. आता इतका राग येत नाही. नकाशा शिकले तो त्या पुड्यांमुळंच. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, मग्यार म्हणजे हंगेरी, सुओमी म्हणजे फिनलंड. आणि ब्रिटनच्या तिकिटावर देशाचं नावच नसतं, तिकिटाची पद्धत १८४० साली त्यांनीच सुरू केली म्हणून तो मान त्यांना. रशियाच्या तिकिटांवर मी कितीतरी दिवस 'नोयटा' नावाचा देश वाचत होते. अॅटलासमध्ये नोयटा काही सापडेना. रशियन लिपीतलं ते 'पोच्ता', म्हणजे नुसतं 'टपाल'.

१९८३ मध्ये मी पुण्याला एका बँकेत लागले आणि आवक-जावक टेबलावर बसले. लोक त्या टेबलाला शिक्षा समजायचे. मी तिथून बदली मागितली नाही. रोज सकाळी टपालाची पिशवी उलटी केली की माझा दिवस सुरू. शिपाई मामा पाकिटं फोडायचे आणि मी त्यांना उजवा वरचा कोपरा फाडू नका म्हणून विनवायची. हळूहळू साहेबांपासून लॉकरच्या ग्राहकांपर्यंत सगळ्यांना कळलं, ही बाई तिकिटं जमवते. एक पेन्शनर आजी दर महिन्याला दुबईच्या मुलाच्या पत्रावरचं तिकीट आणून द्यायच्या, पदराच्या गाठीत बांधून. वापरलेल्या तिकिटांचा सोस हा असा फुकट आणि माणसांच्या ओळखीनं चालतो. नवी तिकिटं काय, पोस्टाच्या काउंटरवर पैसे टाकले की मिळतात.

मुंबई-पुण्यातल्या नव्या तिकिटांच्या संग्राहकांशी माझा वाद व्हायचा तो इथंच. त्यांना शिक्का लागलेलं तिकीट म्हणजे डाग लागलेलं वाटतं. मी त्यांना म्हणते, एक पावसाळा जाऊ द्या. आपल्याकडच्या हवेत डिंक लावलेली तिकिटं अल्बमला चिकटतात, एकमेकांना चिकटतात, पाठीवर तांबूस ठिपके येतात. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांचा फोर्टमधून आणलेला सबंध संच एका जुलैत लाडूसारखा गोळा झाला. वापरलेल्या तिकिटाचा डिंक केव्हाच धुऊन गेलेला असतो. कसरीला आणि बुरशीला खायलाही फारसं काही उरत नाही. पंख्याखाली एक दिवस ठेवलं की पावसाळा संपला.

अर्थात वाद जिंकण्यासाठी सांगायचं कारण वेगळं आणि मनातलं कारण वेगळं. मनातलं असं, की मला वाट बघायला आवडतं. १९३७ साली सहाव्या जॉर्जच्या चित्राची एक मालिका निघाली. टपाल कशाकशानं जातं ते त्यात दाखवलंय. दोन आण्यांना पळणारा हरकारा, मग बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, बोट, मोटारलॉरी आणि बारा आण्यांना विमान. विकत घेतली असती तर ती मालिका एका दुपारी पुरी झाली असती. मी ठरवलं, विकत घ्यायची नाही, आपल्याकडे चालत येईल तशी. हरकारा नानांच्याच एका जुन्या वहीत होता. टांगा आणि आगगाडी रद्दीवाल्याकडे एका व्यापाऱ्याच्या पत्रव्यवहारात मिळाली. उंटाची किंमत साडेतीन आणे. तो अकरा वर्षं आला नाही, आणि आला तो मिरजेच्या लग्नात. नवऱ्यामुलाच्या आत्यानं माझ्या या खुळाबद्दल ऐकलं होतं. तिनं पर्समधून पाकीट काढलं. लग्न कुणाचं होतं तेही आता आठवत नाही, उंट आठवतो. लॉरी अजून आलेली नाही. आली नाही तरी चालेल.

भिंग आणि चिमटा घेतल्यावर मात्र मजा वाढते. पाचव्या जॉर्जची काही तिकिटं डोळ्यांना अगदी सारखी दिसतात. तेच चित्र, तोच रंग. काळ्या बशीत उपडी ठेवून पाठीवर लायटरमधल्या पेट्रोलचा एक थेंब सोडला की कागदातलं जलचिन्ह, म्हणजे वॉटरमार्क, वर येतं. एकटा तारा दिसला तर तिकीट लंडनला छापलेलं. सगळीकडं तारेच तारे दिसले तर ते आपल्या नाशिक रोडचं. तिथला छापखाना १९२५ मध्ये उभा राहिला आणि पुढच्या वर्षापासून तिकिटं तिथं छापली जाऊ लागली. थेंब उडेपर्यंत, फार तर अर्धं मिनिट, तारे दिसतात आणि विझतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी दादाला रात्री साडेअकराला फोन केला होता. त्यानं "बरं" म्हणून ठेवून दिला. (खिडकी उघडी ठेवून करावं हे, आणि गॅसपासून लांब.)

भोकं पाडलेली तिकिटंही मी अशीच अडाणीपणानं वर्षानुवर्षं बाद करत आले होते. तिकिटाच्या मध्यावर सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं. मला वाटायचं, कुणीतरी टाचणीनं नोटीसबोर्डाला लावलं असेल. उजेडासमोर धरून एकदा मोजायला लागले तर भोकांची अक्षरं झाली. बँका आणि मोठ्या पेढ्या आपल्या आद्याक्षरांची भोकं तिकिटांना पाडून घ्यायच्या, कारकुनांनी ऑफिसची तिकिटं घरच्या पत्रांना लावू नयेत म्हणून. आवक-जावक टेबलावर बसलेल्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं.

नंतर सगळं बदललं. मोठ्या ऑफिसांच्या पाकिटांवर तिकिटाऐवजी फ्रँकिंग मशिनचा लाल ठसा यायला लागला, मग कुरिअर, मग स्पीडपोस्टचा बारकोडचा चिकटपट्टा. पिशवी उलटी केली तर एक तिकीट पडायचं नाही अशा सकाळी मी अनुभवल्या. तिकीट असलंच तर त्यावर शिक्का मारायचा राहून गेलेला असतो आणि वाटेत कुणीतरी बॉलपेननं दोन फराटे ओढलेले असतात. एका वर्षी कर्व्यांचं तिकीट असलेलं पाकीट हाती आलं. महर्षी कर्व्यांवर १८ एप्रिल १९५८ ला, त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी, तिकीट निघालं होतं. हयात असताना स्वतंत्र भारताच्या तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. कुणा जुन्या माणसानं साठवलेलं ते तिकीट आत्ताच्या पत्राला लावलं होतं, १५ नये पैशांचं, बाकीची भरती दुसऱ्या तिकिटांनी केलेली. आणि कर्व्यांच्या कपाळापासून दाढीपर्यंत निळा फराटा. मी दहा मिनिटं काम बंद ठेवून बसले होते.

माझं खरं वळण पुण्यातल्या एका छोट्या प्रदर्शनात आलं. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी माझा निजामाचा अल्बम घेऊन गेले होते, जरा तोऱ्यातच. एक वृद्ध गृहस्थ पानं उलटत होते. अजिंठ्याच्या आठ आण्यावर ते थांबलेच नाहीत. थांबले ते चौथ्या पानावर, एका तपकिरी चारमिनारावर, जे मी कोपरा तुटका म्हणून खाली लावलं होतं. त्यांनी भिंग लावलं.

"हा शिक्का बसमतचा आहे. अर्धाच आहे. पाकीट कुठंय?"

मी म्हटलं, "नाही ठेवलं."

"म्हणजे होतं?"

मी गप्प. त्यांनी अल्बम मिटून माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाले, "तिकीट परत मिळेल हो. हैदराबादेत लाखांनी छापलंय."

घरी येऊन मी सगळे अल्बम पुन्हा उघडले, चित्राकडे न बघता. नुसता शिक्का. वीस वर्षं ज्याच्या आड चित्र लपतं म्हणून कुरकुरत होते तोच वाचायला बसले. गाव, तारीख, वेळ. बशीत भिजवून, कात्रीनं कापून मी प्रत्येक शिक्क्याचं अर्धं अंग तोडलेलं होतं. गोल शिक्का तिकिटापेक्षा मोठा असतो. तिकिटावर त्याची एक चकती उरते, बाकीचा पाकिटावर. परभणीचा 'पर' तिकिटावर आणि 'भणी' बंबात.

त्यानंतर १९९८ मध्ये परभणीचं घर आवरताना माडीवरची ट्रंक पुन्हा निघाली. तळाशी अंथरलेल्या कागदाखाली एक पाकीट सापडलं, अख्खं. मी थरथरत उलटंपालटं केलं. तिकीट नव्हतंच. म्हणूनच कात्रीतून सुटलं होतं. नॉटपेड पत्र. जिंतूरहून कुणा पक्षकारानं तिकीट न लावताच पाठवलेलं. जिंतूरचा शिक्का एका बाजूला, दुसऱ्या दिवशीचा परभणीचा पाठीवर, दोन्ही पूर्ण गोल, दोन्ही वाचता येण्यासारखे. पुढच्या बाजूला निळ्या पेन्सिलीनं वसूल करायची रक्कम, आणि खाली नानांच्या बारीक अक्षरात 'दिले'. नॉटपेड पत्राला दुप्पट पैसे पडायचे. पक्षकारानं वाचवलेले पैसे वकिलानं दुपटीनं भरले आणि हिशेबासाठी नोंद करून ठेवली. माझ्या संग्रहातली सगळ्यात मोलाची वस्तू ही. तिच्यावर एकही तिकीट नाही.

तेव्हापासून मी जुन्या परभणी जिल्ह्याचे शिक्के जमवते. जुन्या म्हणजे माझ्या लहानपणच्या. परतूर १९८१ मध्ये जालन्यात गेलं. हिंगोली, कळमनुरी, बसमत १९९९ मध्ये नव्या हिंगोली जिल्ह्यात गेले. माझ्या फाइलीत ते अजून एकत्र नांदतात. तिकीट कुठलंही चालतं, जितकं साधं तितकं बरं. अंड्यातून पिल्लू बाहेर येतंय ते पंचवीस पैशांचं तिकीट माझ्याकडं साठ वेळा आहे आणि साठही वेगळी आहेत, कारण गावं वेगळी. अडचण नावांची. पिंपळगाव किती, बोरी किती! पिनकोडनं मोठी सोय केली. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, कोकणातले. शिक्क्यात आकडे उमटले असतील तर ४३१४०१ म्हणजे परभणी, ४३१५१३ म्हणजे हिंगोली, वाद मिटला. त्याआधीच्या शिक्क्यांना मात्र अंदाज, पत्ता आणि एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाची आठवण यांवर सोडवावं लागतं. माझ्या ओळखीचे एकजण गावांऐवजी तारखा जमवतात. लीप वर्षाचे ३६६ दिवस, प्रत्येक दिवसाचा एक शिक्का. २९ फेब्रुवारीसाठी त्यांची चार वर्षं धडपड चालते आणि तो दिवस रविवारी आला की ते आजारी पडतात.

जुन्या रद्दीत गावं संपली तेव्हा दोन वर्षांपूर्वी मी एक नवं सुरू केलं. स्वतःच्या पत्त्याचं पाकीट, त्यावर पाच रुपयांचं तिकीट. ते एका मोठ्या पाकिटात घालून गावच्या पोस्टमास्तरांच्या नावे पाठवायचं. सोबत चिठ्ठी: 'कृपया तिकिटावर आपल्या पोस्टाचा शिक्का स्वच्छ, पूर्ण गोल मारून पाकीट टपालात सोडावे. मला तिकिटे व शिक्के जमवण्याचा छंद आहे.' खाली सही, आणि 'आपली आभारी'. मुलगा म्हणाला, "आई, त्यांना दुसरी कामं नाहीत का?" त्याचं खरं आहे. म्हणून एका पोस्टाला एकच पत्र, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा त्रास द्यायचा नाही.

चाळीस पाठवली. एकवीस परत आली. त्यातली नऊ स्वच्छ. पाचांवर बॉलपेन. दोघांनी तिकीट वाचवून पाकिटाच्या रिकाम्या जागी सुंदर शिक्का मारला, चित्र खराब होऊ नये म्हणून असणार. बाकीच्यांत शाई कमी, तारीख उलटी, गावाचं नाव पुसट. एकात पोस्टमास्तरांनी माझी चिठ्ठीच परत पाठवली होती, पाठीमागं त्यांच्या मुलीनं पेन्सिलीनं विचारलं होतं की जुनी तिकिटं टाकून न देता कुणाला द्यायची असतात. तिला मी एक मोठं पाकीट पाठवलं. हंगेरीची तिकोनी तिकिटं त्यात होती.

परवा औंढ्याचं पाकीट आलं. दोन शिक्के एकमेकांवर किंचित सरकून बसलेले, त्यामुळे 'औंढा नागनाथ' दोनदा, आणि एकदाही धड वाचता न येणारं. पाकिटाच्या मागं निळ्या शाईत लिहिलेलं होतं: 'पहिला शिक्का पुसट आला म्हणून परत मारला. तरी राग मानू नये.'

ते पाकीट मी जिंतूरच्या शेजारी लावलंय.